स्वर्ग कोठें आहे?

स्वर्ग म्हणजे मेल्यावर गांठावयाचें आकाशापलीकडील स्थान, असें आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ जण समजतात. आम्हांसही बहुत दिवस तसेंच वाटे. परंतु शास्त्र लक्षपूर्वक वाचतां निराळें दिसतें. मत्तय जेथें बहुतकरून ‘स्वर्गाचें राज्य’ म्हणतो, तेथें मार्क व लूक ‘देवाचें राज्य’ म्हणतात. म्हणजे हें राज्य देवाची सत्ता होय. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आम्हांस वर ने, असें मागणें नाहीं. देवाची इच्छा स्वर्गांतल्याप्रमाणें पृथ्वीवर चालावी, असें आहे. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायांत तर पवित्र नगरी स्वर्गांतून खालीं उतरते, आणि देव मनुष्यांमध्यें वस्ती करितो.

मग प्रभूमध्यें निजलेल्या आपल्या प्रियजनांविषयींची आशा व्यर्थ काय? नव्हे. मरणानंतर आपण ख्रिस्ताजवळ असूं, असा पौलाचा भरंवसा होता, व तो आमचाही आहे. तथापि ती विश्रांति आहे, शेवट नव्हे. शेवट पुनरुत्थान व नवी पृथ्वी हा होय.

त्या नगरीच्या वेशी कधींच बंद होत नाहींत. मग जो आज आपल्या विहिरीवर शेजाऱ्यास येऊं देत नाहीं, तो तेथें कोणाजवळ बसेल? याचा विचार आपण प्रत्येकानें करावा.