शिळेवरचं वडिलांचं नाव

आपल्यातल्या पुष्कळांचे पूर्वज वहीत सापडतात. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की तीर्थोपाध्याय जुनी बाडं काढतात आणि पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ समोर येते. अस्थी गोदावरीत गेल्या, नाव वहीत राहिलं. याच महाराष्ट्रात एक मराठी समाज मात्र असा आहे, की त्याची वही कोकणच्या मातीत, उन्हापावसात उभी आहे. तो समाज बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, असं ही मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली. बुडालेल्यांना जिथे मूठमाती दिली ती जागा नवगावला आजही दाखवतात. वाचलेल्यांचे वंशज कोकणात पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. ज्या गावी राहिले त्या गावाचं नाव त्यांनी लावलं: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, नवगावकर.

1948 नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मराठी सोबत नेली; तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. कबरी मात्र नेता येत नाहीत. आता तिकडे जन्मलेली नातवंडं-पतवंडं इकडे येतात, आडनावाचं बोट धरून गावात पोचतात आणि विचारतात, आमची माणसं कुठे आहेत?

आडनाव तिथवरच पोचवतं. पुढचं काम दगडाचं. ज्यू थडग्यावर मृताच्या नावासोबत वडिलांचं नाव कोरायची रीत आहे. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी. शोध घेणाऱ्याला याहून मोठा आधार नाही, कारण एक शिळा वाचली की पुढची कोणाची शोधायची ते कळतं. बापाची सापडली की आजाचं नाव हाती येतं. ती शिळा त्याच गावात असेल असं मात्र नाही. सैन्यातल्या आणि रेल्वेतल्या नोकऱ्यांनी ही घरं मुंबई, पुणे, अहमदाबाद, कराचीपर्यंत नेली. पेणकराची कबर पेणलाच असते असं धरून चालणाऱ्याचा शोध पहिल्याच गावात अडतो.

नावांचंही भान ठेवावं लागतं. 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. घरच्या कागदात सामाजी आणि शिळेवरच्या हिब्रू ओळीत शमुएल असेल, तर ती दोन माणसं समजून वंशावळीत एक खोटा भाऊ जन्माला येतो.

तारखेचं गणित सोपं आहे. हिब्रू वर्ष बहुधा हजाराचा आकडा गाळून अक्षरांत कोरतात. उरलेल्या आकड्यात 1240 मिळवले की इसवी सन निघतो. 675 असेल तर 1915. हे वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतला मृत्यू 1914 मधला धरायचा. शक दिलेला असेल तर 78 मिळवायचे, हे आपल्याला ठाऊकच आहे. अनेक शिळांवर हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर असतो. देवनागरीत कोरलेलं ते नाव वाचताना माझा तरी ऊर भरून येतो. परक्या लिपीशेजारी आपली लिपी तिथे पाहुणी म्हणून आलेली नाही. त्या घरात रडणंही मराठीतच झालं असणार.

आणि मग एका पिढीपाशी अक्षरं थांबतात. कोकणात या समाजानं शनिवारचा शब्बाथ पाळला, सुंता पाळली, शमा ही प्रार्थना ओठांवर ठेवली, पण हिब्रू वाचणं हातचं सुटलं होतं. एकोणिसाव्या शतकात कोचीच्या ज्यू शिक्षकांनी ते पुन्हा शिकवलं. त्याआधीचे दगड बहुधा कोरेच, नवगावच्या जुन्या कबरींसारखे. त्याच्या पलीकडचा माग गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत किंवा हाईम सॅम्युएल किहीमकरांच्या ग्रंथात. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी 1897 साली लिहून ठेवला; तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यांनी तेव्हा लिहिलं नसतं तर किती गेलं असतं, याचा विचार मनात येतो आणि आजच्या शिळांची काळजी वाटू लागते.

कोकणचा पाऊस दगडालाही सोडत नाही. शेवाळ धरतं, अक्षराची कड झिजते, झाडाच्या मुळ्या शिळा उलथतात. समाज दूर गेला की गवत काढणारे हात उरत नाहीत. तरीही काही गावांत सिनेगॉगची किल्ली आणि कबरस्तानाची देखरेख शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांनी सांभाळली आहे. हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

म्हणून रायगडातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावाच्या कडेला असं कबरस्तान असेल, तर देखरेख करणाऱ्यांना विचारून एखाद्या सकाळी मोबाईल घेऊन जा. उन्हं तिरपी असतानाच झिजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात. दुपारी तोच दगड कोरा वाटतो. प्रत्येक शिळेचा फोटो घ्या, कुठली शिळा कुठे आहे ते मांडून ठेवा. अक्षरं उजळावीत म्हणून तारेचा ब्रश, अ‍ॅसिड किंवा खडू लावू नका, त्यानं उरलेलंही जातं. गवत काढता आलं तर काढा. गावातल्या आजी-आजोबांना त्या घरांची नावं विचारून लिहून घ्या आणि हे सगळं अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगपर्यंत पोचवा. येत्या पावसाळ्याआधी एवढं कराच.