कुळाची जमा आणि नावे

पूर्वजांची पुण्याई आपल्या पाठीशी आहे, असे आपण सहज म्हणतो. मग त्यांनी केलेला अन्यायही पाठीशी असतो का? वंशवृक्ष शोधणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच. अमेरिकेतील लेखक एडवर्ड बॉल यांना तो घरातच गाठला.

त्यांचे पूर्वज एलियस बॉल १६९८ मध्ये इंग्लंडहून कॅरोलिना वसाहतीत आले. चार्ल्सटनजवळ कूपर नदीकाठी या घराण्याने भातशेती वाढवली, तीही गुलामांच्या श्रमावर. १८६५ पर्यंत जवळजवळ चार हजार माणसे या एका कुटुंबाच्या मालकीची होती. घरात मात्र या विषयावर सहसा बोलले जात नसे.

हिशेब मात्र चोख होते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे मला हेच सर्वांत अस्वस्थ करते. १७५६ मध्ये एलियस यांच्या मुलाने चार मुलगे आणि दोन मुली विकत घेतल्याची नोंद आहे. वये अंदाजाने लिहिलेली, सहा ते दहा वर्षे. एकूण किंमत ६०० पौंड. त्यांतील दहा वर्षांच्या एका मुलीचे नाव प्रिसिला असे लिहिले आहे. ती सिएरा लिओनहून जहाजाने आणलेली.

कोणी म्हणेल, इतक्या पिढ्यांनंतर त्या पूर्वजाचे आपल्यात उरते किती? बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात हा हिशेब मांडला होता, तो वंशपरंपरेने मिळणाऱ्या मानाची थट्टा करण्यासाठी. नऊ पिढ्यांनंतर मूळ पुरुषाचा वाटा उरतो ५१२ पैकी एक! गणित बरोबरच आहे, पण आडनाव मिरवताना ते कोणाला आठवत नाही. जमेची बाजू ठेवून नावेची पाने फाडलेले खाते कोणता लेखापरीक्षक मान्य करील? शिवाय वारशात नुसते रक्त येत नाही. जमीन येते, शिक्षण येते, जुन्या पेटीतले कागदही येतात.

आणि या कागदांची दुसऱ्या कोणाला तरी फार गरज असते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावे सहसा लिहिलीच नाहीत; मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. मुक्त झालेल्या सर्वांची नावे प्रथम १८७० च्या जनगणनेत आली. त्याआधीची पिढी शोधायची तर कृष्णवर्णीय कुटुंबांना बहुधा मालकाच्याच वह्या उघडाव्या लागतात. इतिहास दोन घराण्यांचा, वही एक, आणि किल्ली एकाच घरात.

म्हणून इथे पितृऋण फेडणे म्हणजे अश्रू ढाळणे, असे मला वाटत नाही. जे आपण केले नाही त्याचे पाप आपल्याला कसे लागेल? पण वही दडवली, तर ते कृत्य आजचे आणि आपले स्वतःचे. एडवर्ड बॉल यांनी काही नातलगांची नाराजी पत्करून त्या गुलामांचे वंशज शोधले, त्यांना भेटले आणि १९९८ मध्ये सारा इतिहास पुस्तकरूपाने मांडला. प्रिसिलाच्या वंशजांपर्यंत ही साखळी पोहोचली. २००५ मध्ये तिच्या सातव्या पिढीतील एक महिला सिएरा लिओनला गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिचे माहेरी आलेल्या लेकीसारखे स्वागत केले. प्रिसिलाचे आईने ठेवलेले नाव मात्र कोणालाच सांगता आले नाही; ते वहीत नव्हते.