कुशीत न घेता

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे चार-सहा महिने राहून परतलेल्या आमच्या वसईकर आईवडिलांच्या घरी गेले की तिकडची छायाचित्रे पाहणे ओघानेच येते. मुले आखातात असली तर उंच इमारती, कॅनडात असली तर गुडघाभर बर्फ, आणि ऑस्ट्रेलियात असली तर एक छायाचित्र हमखास ठरलेले: आजीबाई ताठ उभ्या आहेत, आणि त्यांच्या छातीशी करड्या लोकरीचा, गोल कानांचा एक कोआला तान्ह्या बाळासारखा बिलगला आहे. अशा छायाचित्रांसाठी जगभर नाव झालेल्या ब्रिस्बेनच्या 'लोन पाइन' ह्या कोआला-आश्रयस्थानाने २०२४ च्या जुलै महिन्यात ही प्रथा बंद केली. प्राण्यांनी आपल्या जागी खावे, झोपावे, विसावा घ्यावा, आणि आपण ते पाहावे, असेच आता येणाऱ्या पाहुण्यांनाही वाटू लागले आहे, असे संस्थेने सांगितले. न्यू साउथ वेल्स राज्यात कोआलास पाहुण्यांच्या हाती देण्यास कायद्याने पूर्वीच मनाई झालेली होती. क्वीन्सलँडच्या कायद्याची मात्र तशी आडकाठी नव्हती. लोन पाइनने आपण होऊन हात मागे घेतला.

बातमी तशी लहान. परंतु तिच्या पोटात जो प्रश्न आहे तो लहान नाही, आणि तो केवळ प्राण्यांपुरताही नाही. ज्याच्यावर आपली माया आहे त्याला जवळ घेण्याचा अधिकार त्या मायेतून आपोआप प्राप्त होतो काय?

लेकीकडे ब्रिस्बेनला असताना आम्ही नातवाला घेऊन लोन पाइनला गेलो, ते ही प्रथा बंद झाल्यानंतर. स्थळ मोठे रम्य आहे. ब्रिस्बेन नदीच्या काठी, फिग ट्री पॉकेट नावाच्या उपनगरात ते वसले असून शहरातून तेथे बोटीनेही जाता येते. लेकुरवाळ्या कुटुंबांची सोय पदोपदी पाहिलेली: बाबागाड्यांसाठी सपाट वाटा, सावलीत बाके, मेंढ्या वळविणाऱ्या कुत्र्यांचे प्रात्यक्षिक. आणि झाडांच्या बेचक्यांत, दोन्ही हातांनी खोड कवटाळून झोपलेले कोआला. (त्यास 'कोआला अस्वल' म्हणण्याची चूक अद्याप सर्रास होते. अस्वलाशी त्याचे नाते नाही. तो कांगारूप्रमाणे पोटपिशवीचा प्राणी.) निलगिरीची पाने हे त्याचे अन्न. ती पाने विषारी आणि सत्त्वहीन, म्हणून ती पचविण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते, आणि दिवसाचे अठरा-वीस तास तो झोपून काढतो. त्यास आळशी म्हणणारे पर्यटक आम्ही तेथे पाहिले. ज्याचे जेवणच त्याला थकविते त्याला आळशी कसे म्हणावे?

हे आश्रयस्थान ज्या वर्षी निघाले त्या वर्षाची हकिकत समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही. १९२७ साली क्लॉड रीड नावाच्या गृहस्थाने जॅक व जिल ह्या दोन कोआलांनिशी लोन पाइनचा आरंभ केला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात क्वीन्सलँड सरकारने कोआलांची शिकार एक महिन्यासाठी खुली केली. कातड्याला परदेशी बाजारात, मुख्यतः अमेरिकेत, चांगली किंमत येत असे. त्या एका महिन्यात सहा लाखांच्या आसपास कोआला मारले गेले. ब्रिस्बेनच्या अँग्लिकन आर्चबिशपांपासून वृत्तपत्रांपर्यंत अनेकांनी कडाडून विरोध केला, तो त्या महिन्यापुरता व्यर्थ गेला. मात्र त्यानंतर त्या राज्यात अशी परवानगी पुन्हा देण्यात आली नाही. सरकारची बाजूही नोंदविली पाहिजे. ग्रामीण भागात अवर्षण आणि बेकारी होती, भुकेल्या कुटुंबांना चार पैसे मिळावेत, असे सांगितले गेले. बंदूक घेऊन रानात शिरलेली माणसे बहुतांशी गरीब होती. श्रीमंत होत्या त्या कोट घालणाऱ्या.

तेव्हा ज्या काळी कोआलाचे मोल त्याच्या कातड्याइतकेच होते, त्या काळी कोणी त्यास छातीशी धरले, ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. ज्या हातांनी फासे लावले त्याच जातीच्या हातांनी त्याला उचलून घेतले. पाहणाऱ्यांची मने पालटली. पुढे पिढ्यानपिढ्या लोक येत राहिले, पैसे देऊन छायाचित्र काढून घेत राहिले, आणि त्या पैशांतून पाने आली, कुंपणे आली, औषधोपचार आले. थोडक्यात, कोआलाने आपल्या आश्रयाचे भाडे मिठ्या देऊन चुकविले. खुद्द पोप जॉन पॉल दुसरे हे १९८६ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या भेटीवर असता ब्रिस्बेनमध्ये त्यांनीही कोआलास कुशीत घेतले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते मुंबईस आले होते आणि शिवाजी पार्कवरील मिस्साबलिदानास आपल्यापैकी कित्येक जण उपस्थित होते. शुभ्र झग्यावर विसावलेल्या त्या करड्या जीवाचे छायाचित्र पाहून कोणाच्या मनात अपराधाची शंका आली असेल असे आम्हांस वाटत नाही. यावी असे तेव्हा काही नव्हतेही. नीतीची जाण फळासारखी असते. पाड लागण्यापूर्वी ते पिकले नाही म्हणून झाडाला कोणी बोल लावीत नाही.

आता त्या मिठीकडेच जरा निरखून पाहू. कोआलास हाती देण्यापूर्वी तेथील सेवक पाहुण्यास काही सूचना देत असत. अगदी स्थिर उभे राहावे, हात पोटाशी ओंजळीसारखे धरावेत, त्याला कुरवाळू नये, हलू नये. थोडक्यात, झाड व्हावे. कारण कोआला ज्याला बिलगतो त्याला झाड समजूनच बिलगतो. जन्मल्यावर सहा महिने आईच्या पिशवीत, मग आईच्या पाठीवर, आणि त्यानंतर जन्मभर खोडाला धरून राहणे एवढेच त्याच्या पंजांना ठाऊक. आपल्या छातीशी तो घट्ट धरून राहतो ते पडू नये म्हणून. आपण मात्र त्या पकडीला प्रेम समजतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि छायाचित्राचे पैसे मोजतो. एका बाजूस माया, दुसऱ्या बाजूस पडण्याचे भय, आणि मधोमध एक गोड गैरसमज. हा गैरसमज निरुपद्रवी असेल, परंतु त्यास नाते म्हणणे आम्हांस जड जाते.

ह्यावर येणारा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्या मुलाने लहानपणी प्राण्याच्या अंगावरून हात फिरवला, तेच मोठेपणी त्याच्या रानासाठी उभे राहते. नुसते काचेपलीकडून पाहून कोणाचे काळीज हलत नाही, असे पुष्कळ जाणते लोक म्हणतात. स्पर्श हा श्रद्धेचाही मार्ग आहे, हे संत थॉमसची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला कोणी निराळे सांगावयास नको. आमच्या नातवानेच त्या दिवशी हे सिद्ध करून दाखविले म्हणा ना. लोन पाइनला एक मोठे मोकळे कुरण असून त्यात कांगारू हिंडत असतात, आणि त्यांना खाऊ घालण्यास मुभा आहे. पहिल्यांदा पोर आईच्या मागे दडले. मग आमच्या मंडळींनी, ज्यांचा अर्धा जन्म गाई-म्हशींना आंबोण घालण्यात गेला, त्यांनी त्याचा हात धरून सांगितले, "तळहात उताणा ठेव, बोटे सरळ ठेव, आणि तू पुढे जाऊ नकोस. त्याला येऊ दे." कांगारू आला, दाणे वेचून गेला. पोराचा चेहरा उजळला. घरी परतेपर्यंत दुसरा विषय नव्हता.

'त्याला येऊ दे.' आम्ही पुष्कळ ग्रंथ चाळले असतील, परंतु ह्या तीन शब्दांनी जो भेद दाखविला तो आम्हांस कोठे इतका स्वच्छ आढळला नव्हता. कोआलास उचलून पाहुण्याच्या हाती दिले जाई. कांगारू आपल्या पायांनी आला, आणि त्याला वाटले तेव्हा गेला. दोन्हीकडे स्पर्श आहे. एका ठिकाणी 'नको' म्हणण्याची वाट मोकळी आहे, एवढाच फरक, आणि सारा फरक तेवढ्यातच आहे. अशा कुरणांतून प्राण्यांसाठी राखीव कोपरा असतो, तेथे माणसांस मज्जाव. साधी एक दोरी बांधलेली असते. कांगारू तिच्या अल्याड-पल्याड हवा तसा जातो. थबकावयाचे ते आपण. मानवजातीने आजवर जितकी कुंपणे घातली ती इतरांना अडविण्यासाठी. स्वतःला अडविणारी ती दोरी आम्हांस फार भारदस्त वाटली. ती ओलांडून आत वाकलेले, हाका मारणारे, चुटक्या वाजविणारे पालकही आम्ही पाहिले. मुले त्यांच्यापेक्षा शहाणी होती.

स्पर्शाने करुणा जागते हे मान्य करूनही एक अडचण उरते. ती करुणा ज्याला हात लावावासा वाटतो त्याच्यापर्यंतच पोहोचते. कोआलाचा चेहरा मानवी अर्भकासारखा आहे, हे त्याचे भाग्य. हे भाग्य ज्यास लाभले नाही अशा त्याच देशातील एका प्राण्याची कथा पाहा. टास्मानिया बेटावर पाठीवर पट्टे असलेला, लांडग्याच्या चणीचा, कांगारूप्रमाणेच पिशवीचा एक प्राणी होता. मेंढ्या मारतो असा त्याजवर आरोप. टास्मानियाच्या सरकारने १८८८ पासून १९०९ पर्यंत त्याच्या मुंडक्यामागे एक पौंड इनाम दिले. १० जुलै १९३६ रोजी त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ७ सप्टेंबर १९३६ रोजी, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात त्यांतील शेवटचा ज्ञात प्राणी मरण पावला. त्याला कुशीत घेऊन कोणी छायाचित्र काढले नव्हते. ऑस्ट्रेलियात आता ७ सप्टेंबर हा संकटग्रस्त प्राणिमात्रांचा दिवस म्हणून पाळतात.

येथे मिठी हा नीतीचा पाया म्हणून अपुरी पडते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसृत केलेल्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात प्रत्येक जीवास देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावर अवलंबून नाही, असे प्रतिपादिले आहे. आपल्या आवडीवरही ते अवलंबून नाही, हे त्यातूनच निघते. आणि ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये दुसऱ्या बाजूचाही इशारा आहे: प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही; तसेच जी माया माणसांना देणे आहे ती प्राण्यांकडे वळविणे हेही योग्य नव्हे. १९२७ च्या त्या भुकेल्या शिकाऱ्यांची आठवण आम्ही मुद्दाम ठेवतो ती ह्यासाठी. ज्या गावात माणसाला काम नाही त्या गावातील रान फार काळ सुरक्षित राहत नाही.

आणि रान हाच तर खरा प्रश्न आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी-प्रदेश येथील कोआला 'धोक्यात आलेला' म्हणून जाहीर झाला. आज त्याच्यावर बंदूक कोणी रोखीत नाही. वसाहती, रस्ते, भरधाव मोटारी, पाळीव कुत्री, रोगराई आणि वणवे ह्यांनी त्याला घेरले आहे. झाड तोडणाऱ्याचे कोआलाशी वैर नसते. त्याच्याही घरात कोआलाची बाहुली असेल. नोहाच्या तारवाची उपमा अशा उद्यानांना नेहमी दिली जाते. तारवातही प्राणी कोंडलेलेच होते, परंतु नोहा पाणी ओसरण्याची वाट पाहत होता, आणि एके दिवशी त्याने दार उघडले. येथे दार उघडावयाचे तर बाहेर कोरडी जमीन राखून ठेवावी लागेल, आणि ती उद्यानाच्या तिकिटाच्या पैशांतून विकत मिळेल अशी चिन्हे नाहीत.

हे सारे दूरदेशीचे आहे असे वाचकांनी मानू नये. २०२४ सालीच, लोन पाइनची ती बातमी येण्यापूर्वी काही आठवडे, आपल्या वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या वावरत होता. संध्याकाळी रस्ते ओस पडत, पालक धास्तावले होते, आणि ती धास्ती खोटी नव्हती. एप्रिलमध्ये वनखात्याने त्यास पिंजऱ्यात पकडले तेव्हा सर्वांनीच निःश्वास टाकला. तो कोठून आला, त्याचे रान कोठवर सरकले, ह्याची चौकशी त्यानंतर किती घरांत झाली असेल?

लोन पाइनमध्ये कोआलांच्या पलीकडे टास्मानियन डेव्हिल नावाचा एक काळा, ठेंगणा, उग्र जबड्याचा प्राणी ठेवला आहे. १९९६ पासून ह्या जातीत चेहऱ्याचा एक कर्करोग आढळू लागला. भांडताना एकमेकांना चावल्याने तो पसरतो. त्यात रानातील बहुसंख्य प्राणी गेले. जात समूळ नष्ट होऊ नये म्हणून निरोगी प्राणी निवडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर कुंपणांआड त्यांची वीण राखण्यात आली. ही कुंपणे बांधणाऱ्यांना त्या प्राण्याकडून मिठी मिळण्याची आशा नव्हती, चाव्याची खात्री होती. आम्ही गेलो तेव्हा त्या जागेसमोर गर्दी अशी नव्हतीच. तो प्राणी आपल्या बिळात शिरलेला, दिसत होते ते केवळ गवत. नातू बराच वेळ लाकडी कठड्याला हनुवटी टेकवून उभा राहिला. निघण्याची वेळ झाली, आईने दोनदा हाक मारली. "अजून आला नाही तो," एवढेच म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.