व्याख्या नसलेला भ्रष्टाचार

'भ्रष्ट' म्हणजे ढळलेला, खाली आलेला. स्थानभ्रष्ट, पदभ्रष्ट, योगभ्रष्ट. संस्कृतातून आलेल्या या शब्दात पैशाचा मागमूसही नाही.

कायद्यात तरी तो कसा बसवला आहे, म्हणून १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा उघडला. नावातच भ्रष्टाचार, पण व्याख्यांच्या कलमात तो शोधून सापडत नाही. तिथे 'लोकसेवक' आहे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर 'अनुचित लाभ'ही आहे, आणि तो लाभ रोकडाच असला पाहिजे असे नाही. माणूस किती ढळला हे कायदा मोजत बसत नाही. मागितले का, घेतले का, एवढेच विचारतो.

कलम ७ मध्ये एक उदाहरण दिले आहे. रेशनकार्डाचा नेहमीचा अर्ज. तो वेळेत मार्गी लावायला लोकसेवक पाच हजार रुपये मागतो. काम सरळ आहे, कागद खरे आहेत, आणि पैसे अजून हातात पडलेले नाहीत. तरी तो गुन्हेगार. आपल्या सगळ्या सबबींचे उत्तर या साध्या रेशनकार्डात आहे. 'काम तर कायदेशीरच होतं ना?' असे म्हणत आपण चहापाणी, चिरीमिरी, खुशाली, वजन असे शब्द घडवत गेलो. (या बाबतीत मराठी भाषा भलतीच श्रीमंत!) कायद्याला त्यातला एकही ऐकू येत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तर सांगितले, की न मागता पुढे केलेली लाच लोकसेवकाने स्वीकारली, तरी तो गुन्हाच.

आणि देणारा? २०१८ पासून कलम ८ खाली तोही गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर मात्र सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवून सुटका होते.

हे वाचताना चार वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. एका दाखल्यासाठी मी दोनशेची नोट फाइलीखाली सरकवली होती. समोरच्याने मागितली नव्हती, त्याने फक्त फाइल आपल्याकडे ओढली. घरी येऊन मी चहा घेता घेता म्हणालो, "तिथे सगळेच भ्रष्ट आहेत."

सात दिवसांची ती सवलत जबरदस्ती झालेल्यांसाठी आहे. माझ्यावर कुणीच जबरदस्ती केली नव्हती.