मधमाशीला पुण्य लागते का?

भिक्षेवर जगणाऱ्यांपुढे भारतीय धर्मग्रंथांनी कुठे मधमाशीचा, कुठे भुंग्याचा आदर्श ठेवला आहे. फुलाला इजा न करता रस घ्यावा, गावात भिक्षूने तसेच वागावे, असे धम्मपद सांगते. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात पहिल्याच अध्यायात हा दाखला येतो. भागवतातल्या अवधूताने मधमाशीला गुरू केले, पण तिचा दोषही दाखवला: ती साठवते आणि साठ्यापायीच नाश पावते. या सर्वांत माशी फक्त घेणारी आहे. ती फुलाला काही देते, याचा उल्लेख नाही.

देणे दिसते ते भोपळ्याच्या वेलावर. त्याची नरफुले वेगळी, मादीफुले वेगळी. दोन्ही पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. नरफुलात शिरलेली सातेरी माशी बाहेर येते ती पिवळीधमक होऊन. अंगावरचे पराग झाडून ती मागच्या पायांवर गोळा करते, तरी थोडे केसांत अडकून राहतात आणि पुढच्या मादीफुलाला लागतात. फुलाखालची इवली गाठ मग भोपळा होते. पराग न मिळालेली गाठ पिवळी पडून गळते.

जर्मनीतल्या क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या शिक्षकाने 1787 मध्ये एका रानफुलाच्या पाकळीवरचे बारीक केस पाहिले. विधात्याने एक केसही उगाच निर्माण केला नसेल, या श्रद्धेने त्याने फुले न्याहाळली आणि 1793 मध्ये कीटकांच्या या पराग वाहण्याच्या कामावर ग्रंथ लिहिला. श्रद्धेतून असे चोख निरीक्षण क्वचितच निघते. त्याच्या हयातीत मात्र ग्रंथाची फारशी दखल कोणी घेतली नाही.

मग माशीचे हे देणे दान ठरते का? बुद्धाच्या मते हेतू म्हणजेच कर्म; माशीचा हेतू पोट भरण्याचा आणि पोळे जगवण्याचा. गीतेचे निष्काम कर्मही इथे लागू पडत नाही, कारण मधाची इच्छा आहेच. बेसावधपणे, नकळत झालेल्या हिंसेचाही दोष लागतो, असे जैन मानतात. त्यांच्यापुढे नकळत झालेल्या उपकाराचा प्रश्न उभा करता येईल. तरीही दानाला देणाऱ्याची जाण लागते. ती माशीला नाही, म्हणून पुण्यही नाही.

शेतकऱ्याला मात्र ती जाण असते. म्हणूनच फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये, फवारावेच लागले तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी फवारावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात.