म्हाताऱ्या घोड्याचं देणं

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. पृथ्वी, वारा, आकाश यांच्या जोडीला त्यात कबुतर आहे, अजगर आहे, हत्ती, हरिण, मासा, अगदी कोळीसुद्धा आहे. घोडा मात्र नाही. दत्तप्रभूंच्या तसबिरीतही मागे गाय आणि पायाशी चार श्वान. तेव्हा कुणी म्हणेल की गाईला घास द्यावा, कुत्र्याला भाकरी घालावी, हे आपल्या परंपरेला धरून आहे. घोडा आपल्यात कुठे बसतो?

याचं उत्तर हवं असेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याला जावं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे यात्रा भरते आणि त्या यात्रेतच मोठा घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे घोडे येतात. दात पाहून वय ठरतं, चाल पाहतात, अंगावरचे भोवरे पाहतात. आपल्या जिल्ह्यात अकलूजचा घोडेबाजारही नावाजलेला. शिवाय वारीत रिंगण झालं की माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला आपण सगळे धावतोच. म्हणजे घोडा आपल्यात बसतो, पण तरणा. प्रश्न आहे तो अठरा वर्षांच्या, गुडघे सुजलेल्या, दाढा झिजलेल्या घोड्याचा.

मी नवी पेठेत राहतो. नोकरी सगळी बँकेत, कारकुनीत गेली. ऐंशीच्या दशकात स्टेशनासमोर टांगे उभे असायचे आणि सरकारी योजनेतून टांग्यासाठी, जनावरांसाठी कर्जं व्हायची. अर्जात घोड्याची किंमत, गाडीची किंमत, रोजचा चारा, रोजची कमाई, हप्ता, असे सगळे रकाने असत. जनावराचा विमा उतरवून त्याच्या कानात बिल्ला ठोकायचे. घोडा मेला तर बिल्ला जमा करायचा, मग क्लेम. बिल्ला नाही तर क्लेम नाही. हे कागद मी वर्षानुवर्षं पाहिले. घोडा मेला तर काय, याला रकाना होता. घोडा म्हातारा झाला तर काय, याला नव्हता. कर्ज चार-पाच वर्षांत फिटायचं. घोडा पंचवीस वर्षंही जगतो, नीट सांभाळला तर त्याहून जास्त.

टांगेवाल्याला यात दोष देणं मला तरी जमत नाही. ज्याची चूल घोड्याच्या पायांवर पेटते, तो पाय थकल्यावर घरातल्या तोंडांचा घास काढून घोड्याला कुठून घालणार? मग एका रात्री दावं सुटतं आणि घोडा हमरस्त्याच्या दुभाजकावर गवत हुंगत उभा राहतो. पुणे रस्त्याला असे घोडे तुम्हीही पाहिले असतील. कायदा याला गुन्हा म्हणतो. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा अपराध आहे आणि पहिल्या वेळेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. एका दिवसाचा चारा त्याहून महाग पडतो. हिशेब जाणणारा माणूस काय करेल ते सांगायला नको.

"सोडला तर बरंच की, मोकळा फिरेल," असंही म्हणणारे भेटतात. याचा थोडा विचार करू. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर, दिब्रू-सैखोवाच्या रानात घोड्यांचे कळप खरोखरच मोकळे राहतात. दुसऱ्या महायुद्धात फौजांनी मागे सोडलेल्या घोड्यांचे ते वंशज, असं सांगतात. पण ते पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या गवतावर वाढले. अमेरिकेत रानघोड्यांना १९७१ साली कायद्याने संरक्षण दिलं. तिथेही माळ पुरेना म्हणून दरवर्षी हजारो घोडे पकडून सरकारी खर्चाने आवारात पोसावे लागतात. आपल्या नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोकाला माळ राखून दिला की तो आपलं पोट भरतो. डांबरावर नाल झिजवलेल्या घोड्याला तोच माळ दिला तर त्याला पाणी कुठे आहे हेदेखील ठाऊक नसतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. फार चांगलं झालं. पण गाडी थांबली म्हणून घोड्याची भूक थांबत नाही.

त्यासाठी निवारा लागतो, आणि निवारा म्हणजे नुसती पत्र्याची शेड नव्हे. खूर सहा-आठ आठवड्यांनी तासावे लागतात, नाहीतर वाढून पाय वाकडे पडतात. दाढांना धारा येऊन गाल कापतो, त्या कानशीने घासाव्या लागतात. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला तर जीवावर बेततं. म्हणून खाणं थोडं थोडं, दिवसभर. सांगलीत २००३ साली सुरू झालेली 'अॅनिमल राहत' ही संस्था आपल्या सोलापुरातही काम करते. ओढकामाच्या बैल-घोडे-गाढवांवर मोफत उपचार आणि थकलेल्यांना निवारा, असं ते काम आहे. कुणाला नवल वाटेल, पण या जनावरांकडून त्यांना दूध, शेण, कमाई, काहीही नको असतं.

इथे मला गुरुचरित्रातली गाणगापूरची म्हैस आठवते. बाविसाव्या अध्यायातली कथा आपण सप्ताहात वाचतोच. नृसिंहसरस्वती गरीब ब्राह्मणाच्या घरी भिक्षेला गेले. घरात एक वांझ, दात पडलेली म्हैस. तिला माती वाहायला भाड्याने देत. महाराजांनी तिचंच दूध मागितलं आणि तिने भांडी भरून दूध दिलं. आपण हात जोडतो ते त्या दुधाला. पण मला वाटतं, गावात दुभत्या म्हशींची घरं असताना महाराज नेमके भाकड म्हशीच्या दारी गेले, हेही पाहायला हवं. तिच्याकडे कुणीतरी ओझ्यावाचून दुसऱ्या नजरेने पाहिलं. म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत चमत्कार होणार नाही. तो पुन्हा धावणार नाही. मग त्याला घास घालायचा तो कशासाठी?

दयेसाठी, असं बहुतेक सांगतात. मला तो शब्द पुरत नाही. मी पेन्शनर आहे. १९८२ साली नकारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचं ते देणं आहे. आम्हा पेन्शनरांना तो दिवस, १७ डिसेंबर, पाठ असतो. मला महिन्याच्या महिन्याला मिळतं ते भीक नसेल, तर घोड्याचा कडबा भीक कसा? देणं आहे, मग ते एकट्या शेवटच्या मालकाच्या माथी का? पाठीवर बसलो आपण सगळे.

आकडेमोडीची खोड काही जात नाही. सव्वातीनशे किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे साडेसहा किलो कोरडा चारा रोज लागतो. दहा वर्षांच्या म्हातारपणाचा झाला सुमारे चोवीस टन. आता लग्नाची घोडी घ्या. पंधरा वर्षं, वर्षाला तीस वराती धरल्या तर साडेचारशे वराती. भागाकार केला तर एका वरातीमागे त्रेपन्न किलो कडबा येतो. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी याद करताना बँड आणि फटाक्यांच्या खाली हा आकडा एकदा मांडून पाहावा.