वाट पाहणाऱ्यांचा देव

‘वाट पाहणे’ हा आपल्या भाषेतील प्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. येणारा अद्याप दिसत नसतो. दिसते ती केवळ वाट. तरीही तिच्याकडे डोळे लावून बसवते, ते येणाऱ्यावरील विश्वासामुळे. ख्रिस्ती लोकांनी या वाट पाहण्यास वर्षातील एक स्वतंत्र पर्वच दिले आहे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा ‘आगमनकाळ’. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत उपासनेचे वर्षही त्याच्याच पहिल्या रविवारी सुरू होते. वर्षारंभी आधी प्रतीक्षा, उत्सव मागाहून!

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. ईश्वर सर्वत्र आहे असे जो मानतो, त्याने त्याची वाट का पाहावी? जो घरातच आहे, त्याच्यासाठी दारात उभे राहण्यात काय स्वारस्य? बाराव्या शतकातील फ्रेंच संन्यासी, क्लेअरव्होचा बर्नार्ड याने ख्रिस्ताची तीन आगमने सांगितली आहेत. एक होऊन गेले, एक युगान्ती व्हावयाचे आहे, आणि या दोहोंमधील तिसरे गुप्तपणे मनुष्याच्या अंतःकरणात होत असते. आम्हांस हे उत्तर मार्मिक वाटते. उणीव आहे ती आपल्या ओळखण्यात. प्रतीक्षा ही त्या ओळखीची पूर्वतयारी होय.

या विचाराची कसोटी १९४३ साली बर्लिनच्या टेगेल तुरुंगात लागली. हिटलरशाहीचा विरोधक पाद्री डीट्रिख बोनहोफर तेथे एप्रिलपासून बंदिवासात होता. आगमनकाळाच्या तोंडावर त्याने एका मित्रास लिहिले की, कोठडीतील जिणे या पर्वासारखेच आहे. दार बाहेरून उघडले जाईल तेव्हाच उघडायचे. त्याच नाताळासाठी त्याने सहबंद्यांकरिता प्रार्थना रचल्या. त्याच्यासाठी मात्र दार उघडले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्यास फाशी देण्यात आले. युरोपातील युद्ध संपण्यास तेव्हा जेमतेम महिना उरला होता.

मग त्याची आशा फोल ठरली काय? सुटकेची अपेक्षा फोल ठरली, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि सुरक्षित खुर्चीत बसून तिचे मोल कमी लेखणे आम्हांस शोभणारही नाही. परंतु अपेक्षा आणि आशा यांत भेद आहे. अपेक्षा फळाकडे पाहते आणि तोवरचा काळ वाया गेला असे समजते. आशा त्या काळातच कामाला लागते. शेजारच्या कोठडीतील माणसाकरिता ज्याने प्रार्थना लिहिली, त्यास ईश्वराचे सान्निध्य बंद दाराच्या आतच लाभले होते, असे आम्ही मानतो.

आम्हां परप्रांतस्थ नोकरवर्गास हा भेद जवळचा वाटावा. बदलीच्या हुकुमाची वाट पाहता पाहता कित्येकांची वर्षे निघून जातात. शेजाऱ्याची भाषा शिकावयाची नाही, सरकारी घराच्या अंगणात झाड लावावयाचे नाही. का, तर आज ना उद्या जावयाचेच आहे! याउलट फादर स्टीफन्स पाहा. हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच निवर्तला. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होताच. पण त्यासाठी त्याने आपली मराठी आपलीशी केली आणि १६१६ साली सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. त्यातील ‘पहिले पुराण’ येशूच्या जन्मापूर्वीच्या, म्हणजेच तारकाच्या प्रतीक्षेच्या कथेस वाहिलेले आहे. परक्या मुलखात राहून त्याने प्रतीक्षेची ही कथा तेथल्याच लोकांच्या बोलीत सांगितली.

ख्रिस्ती असो वा नसो, आगमनकाळाचा हा बोध कोणासही घेता येण्याजोगा आहे. वाट अवश्य पाहावी. मात्र ज्या ओसरीवर बसून ती पाहावयाची, ती झाडलेली असावी, आणि शेजारी येऊन बसणाऱ्यास तेथे जागा असावी. कोण जाणे, ज्याची वाट पाहत आहोत तोच शेजारी येऊन बसला असेल!